सुट्टीतला कॅम्प, परत आलेलं बिल: भूशास्त्राच्या एका जागेचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित महाविद्यालयातला भूशास्त्र विभाग. मंजूर जागा चार. दोन सर निवृत्त झाले, तिसरे संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात गेले, आणि तिन्ही जागा तशाच रिकाम्या राहिल्या. विभागप्रमुख म्हणून मी एकटा कायम. बाकी सगळा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सीएचबी म्हणतात त्यांच्यावर. जितक्या तासिका घेतल्या तितकेच पैसे. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत काही नाही. जून-जुलैत नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक.

हे प्रकरण अशाच एका मॅडमचं. एमएस्सी भूशास्त्र, सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, पीएचडीचं काम सुरू. हाती घेतलेलं काम मनापासून करणाऱ्या. त्यांच्या दिवाळीच्या महिन्याच्या बिलावर लाल शाईत एक ओळ आली: ‘सदर कालावधीत दीर्घ सुट्टी असल्याने तासिका अनुज्ञेय नाहीत.’ त्याच सुट्टीत त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन बदामीच्या बाजूला फील्ड कॅम्पवर होत्या. रोज सकाळी सातला खडकावर आणि रात्री जेवणानंतर धर्मशाळेच्या ओसरीवर मुलांकडून नकाशे शाईने गिरवून घेत.

कार्यालयाने सूडबुद्धीने काही केलं नव्हतं, हे आधीच सांगतो. आमचे अधीक्षक सरळ माणूस आहेत. सीएचबीचं प्रत्येक बिल वेळापत्रक आणि हजेरीपटाशी ताडून पाहिलं जातं. एक तासिका जादा निघाली तर वसुली लागते आणि ती सही करणाऱ्यावर येते. वेळापत्रकात सुट्टीत तासिका नव्हतीच, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे शेरा मारला. माझा मुद्दा त्यामागचा आहे. भूशास्त्र शिकवण्याचं काम खरोखर कसं चालतं याचा विचार न करता ही जागा कागदावर मांडलेली आहे, आणि त्या मांडणीत सगळ्यात आधी फील्डवर्क गळून पडतं.

कॅम्प सुट्टीतच का घ्यावा लागतो? तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भूशास्त्राबरोबर इतरही विषय असतात आणि सत्र चालू असताना इतर विभाग आठवडाभर मुलं सोडत नाहीत. त्यांचीही प्रात्यक्षिकं, अंतर्गत परीक्षा असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगरावर कमरेएवढं गवत, खडक दिसतच नाही. मार्चनंतर ऊन असं की सकाळी अकरालाच मुलं सावली शोधतात. मग उरते दिवाळी आणि तिच्या पुढचा पंधरवडा. हे आजचंही नाही. भूवैज्ञानिक दाराशा नोशेरवान वाडिया १९०७ साली जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकवायला लागले. १९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गेले, पण तोपर्यंत महाविद्यालयाच्या सुट्ट्या ते हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत काढत. फरक एवढाच की वाडियांची नोकरी सुट्टीत तुटत नव्हती.

आता मॅडम फील्डवर नेमकं काय करत होत्या ते सांगतो. ते कळल्याशिवाय बिलाचा वाद नुसता पैशाचा वाटेल.

आमच्याकडची मुलं बसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर जन्मलेली. घर, विहीर, बांध, शाळेची भिंत, सगळं काळा पाषाण. पुस्तकात त्यांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही लाव्ह्याच्या थरांच्या गटांची नावं पाठ असतात. पण ही विभागणी मुख्यतः रासायनिक पृथक्करणावर उभी आहे. नुसता हातोडा आणि भिंग घेऊन घाटात उभं राहिलं तर आंबेनळी कुठे संपलं हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. फील्डवर मुलांनी ओळखायचा असतो तो थिजलेल्या लाव्ह्याचा एकेक प्रवाह: त्याचा तळ, त्याचा माथा, दोन प्रवाहांमधली हद्द. तळाशी पाइपसारख्या उभ्या पोकळ्या, मध्ये घट्ट, एकसंध खडक, माथ्याकडे वाटाण्याएवढी भोकं, त्यांत कुठे झिओलाइट, कुठे कॅल्साइट ही खनिजं. आणि दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी लाल थर, ज्याला रेड बोल म्हणतात. खालच्या प्रवाहाचा माथा कुजून किंवा वर राख-माती साचून तयार झालेला, आणि मग वरून आलेल्या तापलेल्या लाव्ह्याने भाजून निघालेला.

हा लाल थर परीक्षेत दोन गुणांचा, पण कामावर फार महत्त्वाचा. बोगदा खणताना किंवा धरणाचा पाया घेताना तो मध्ये आला, त्याला हवा-पाणी लागलं, की तो सुटतो, ढासळतो. आमची मुलं पुढे भूजल सर्वेक्षणात जातात, बोगद्यांच्या कंत्राटदारांकडे जातात, बोअरच्या जागा दाखवतात. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. कुजलेल्या खडकाच्या जाड थरात पावसाचं पाणी मुरत गेलं तर उतारावर काय होतं, हे ज्याला डोंगर पाहून थोडंफार वाचता येतं असा माणूस आपल्या प्रत्येक तालुक्याला हवा आहे. तो वर्गात बसून तयार होत नाही.

पण दख्खनच्या बसाल्टमध्ये नकाशा शिकवताना एक अडचण येते. इथले प्रवाह जवळजवळ आडवे. घाटात त्यांचा कल एका अंशाहूनही कमी. त्यामुळे दोन प्रवाहांमधली हद्द टोपोशीटवरच्या (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावरच्या) कंटूर रेषेला, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषेला धरून चालते. हुशार विद्यार्थी घाटाच्या रस्त्यावर एकच हद्द पाहतो, तिची उंची टिपतो आणि बाकीचा नकाशा हॉस्टेलवर बसून कंटूरवर रंग भरत पूर्ण करतो. दिसायला देखणा नकाशा. तो खोटा आहे हे तपासणाऱ्यालाही कळत नाही. कित्येक वर्षं अशा नकाशांना गुण मिळत आले आहेत.

मॅडमनी यावर जो उपाय केला तो मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी आधी एकटीने जाऊन, सोबत गावातल्या एका मामांना घेऊन, घाटाच्या खालच्या अंगाचे ओढे पालथे घातले. त्यांना असा एक ओढा सापडला जिथे लाल थर रस्त्याकडेला छातीएवढा जाड आहे, पण आत ओढ्यात जाताना पातळ होत होत संपतो आणि पुढे एक प्रवाह थेट दुसऱ्यावर बसलेला दिसतो. हीच जागा त्यांनी नकाशासाठी दिली. मुलांना सांगितलं, ‘लाल थरावर बोट ठेवा आणि बोट न उचलता चालत राहा.’ जी मुलं चालली त्यांच्या नकाशावर लाल पट्टा मध्येच संपला. ज्यांनी कंटूर धरला त्यांच्या नकाशावर तो डोंगराला वळसा घालून परत आला. रागावण्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना घेऊन मॅडम पुन्हा ओढ्यात उतरल्या आणि लाल थर जिथे संपतो तिथे प्रत्येकाला हात लावायला लावला. एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, मग हा थर गेला कुठे?’ त्यावर अर्धा तास चर्चा झाली: तो तिथे साचलाच नव्हता, की वरचा प्रवाह येण्याआधी वाहून गेला? भूशास्त्र विषय म्हणून ज्या क्षणी सुरू होतो तो हाच, असं मी मानतो.

ओढे पालथे घालण्याचे ते दिवस कुठल्याच वेळापत्रकात नव्हते.

बदामीचा कॅम्प याच्या पुढची पायरी. बसाल्टच्या मुलांना कललेला, दुमडलेला खडक दाखवायचा तर राज्यात कोकणच्या दक्षिण टोकाला किंवा विदर्भाच्या पूर्वेला जावं लागतं. आम्हाला त्यापेक्षा कर्नाटकातलं कलादगीचं खोरं सोयीचं. इथे बागलकोट गटाचे खडक, म्हणजे क्वार्टझाइट, चुनखडी वगैरे, घड्या पडून उभे-तिरके झालेले आहेत, आणि त्यांच्यावर बदामी गटाचा वालुकाश्म जवळजवळ सपाट बसलेला आहे. रामथळजवळ ही कोनीय अनकन्फॉर्मिटी उघड्यावर पाहायला मिळते. खालचे थर साचले, दगड झाले, दाबाने दुमडले, झिजून कापले गेले, आणि मग त्या झिजलेल्या तळावर नवी वाळू येऊन पडली. मधल्या रेषेत किती काळ गेला असेल याचा अंदाज मुलांना तिथे उभं राहिल्यावरच येतो.

मॅडमनी तिथे पोहोचल्यावर काही समजावून सांगितलं नाही. क्लिनोमीटर कंपास हातात दिला आणि खालच्या-वरच्या थरांचे स्ट्राइक-डिप, म्हणजे थराची दिशा आणि कल, घ्यायला सांगितले. एक मुलगी वरच्या वालुकाश्मात तिरक्या रेषा पाहून त्यांचाच कल मोजत बसली आणि वहीत बराच मोठा आकडा लिहिला. ते क्रॉस बेडिंग होतं: पाण्याच्या प्रवाहाने वाळू ढकलताना पडलेल्या आतल्या तिरक्या रेषा, थराचा कल नव्हे. मॅडमनी तिला चूक म्हटलं नाही. तिला थराची खालची आणि वरची सीमा शोधायला लावली, त्या दोन्हींचा कल घ्यायला लावला, आणि मग विचारलं, ‘आता आतल्या रेषा काय सांगतात?’ मुलगी बराच वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, ‘पाणी कुठल्या बाजूला वाहत होतं ते.’ संध्याकाळी बदामीच्या लेण्यांत गेलो. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे, लोक तो पाहायला येतात. ती मुलगी मात्र लेण्यांच्या भिंतींवर आणि बाहेरच्या कड्यावर तिरक्या रेषा शोधत, मैत्रिणींना दाखवत फिरत होती.

या कॅम्पला वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली होत्या. त्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली ती सोबत मॅडम आहेत म्हणूनच. एका मुलीच्या वडिलांनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं, ‘सर, तुम्ही असालच हो, पण मॅडम असतील तरच पाठवतो.’ म्हणजे रात्री मुलींच्या खोल्यांशेजारची खोली, कुणाला ताप आला तर दवाखाना, कुणाची पाळी आली तर मेडिकल गाठणं, हेही त्यांचंच काम. याचीही तासिका होत नाही.

परत आल्यावर बिल गेलं आणि लाल शेरा घेऊन आलं.

प्राचार्यांच्या दालनात आम्ही बसलो: प्राचार्य, अधीक्षक, मी आणि मॅडम. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की त्यांना भांडायचं नाही, पण पुढच्या वर्षी याच अटीवर त्या कॅम्प घेऊ शकणार नाहीत. घरचं भाडं, पीएचडीची फी आणि सुट्टीतला बिनपगारी महिना, हे गणित बसत नव्हतं. अधीक्षक म्हणाले, ‘मॅडम, तुमचं काम मला दिसतंय, पण बिलाला आधार काय लावू?’

आधार अभ्यासक्रमातच होता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या रचनेत प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. आमच्या फील्डवर्कच्या पेपरला २ क्रेडिट, म्हणजे ६० तास. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठ हे ६० तास मान्य करतं. मी एवढंच विचारलं, की मुलांनी ६० तास शिकलं हे जर खरं असेल तर त्यांना ६० तास कुणीतरी शिकवलं असणारच. मग ते शिकवणाऱ्याच्या नावावर शून्य कसे? कॅम्पच्या कामाच्या तासांची बेरीज साठाच्या वरच जात होती, आणि मुलांच्या फील्ड डायऱ्या तारीखवार, ठिकाणवार भरलेल्या होत्या. प्राचार्यांनी डायऱ्या मागवून घेतल्या आणि पानं उलटून पाहिली.

जुन्या बिलाचं सरकारी पैशातून काही झालं नाही. वेळापत्रकात नसलेली तासिका मागाहून घुसवता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणं कुणाच्याही हिताचं नव्हतं. संस्थेने स्वतःच्या निधीतून मॅडमना मानधन दिलं. हक्काच्या रकमेपेक्षा कमी, पण नोंद करून, पावतीवर.

खरं काम झालं ते पुढच्या वर्षासाठी. जूनमध्ये वेळापत्रक बनवतानाच फील्डवर्कच्या पेपरचे ६० तास प्रात्यक्षिक म्हणून दाखवले, बॅचनिहाय. कॅम्पचे दिवस सुट्टीतून काढून दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात आणले. यासाठी मला रसायनशास्त्र आणि गणित विभागांकडे जाऊन बसावं लागलं. रसायनच्या मॅडम लगेच तयार झाल्या. गणिताच्या सरांनी अट घातली की बुडलेले तास आम्ही आमच्या प्रात्यक्षिकांच्या वेळेत भरून द्यायचे, आणि ती वाजवी होती. फील्डवर नेण्यासाठी हजेरीपट वेगळा छापला: तारीख, ठिकाण, टोपोशीट क्रमांक, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, मुलांच्या सह्या. अधीक्षकांनीच त्याचा नमुना करून दिला, कारण तपासणीत काय विचारतात ते त्यांना माहीत. त्या वर्षीचं कॅम्पचं बिल शेरा न येता मंजूर झालं.

सुटलं नाही ते आधीच्या पाहणीचं. कॅम्पपूर्वी जागा हेरायला जावंच लागतं. मागच्या वर्षी दिसणारा खडक या वर्षी रस्ता रुंदीकरणात गेलेला असतो, खाणीला कुंपण पडलेलं असतं, शेतमालकाने वाट बंद केलेली असते. लाल थर संपतो ती जागा अशा पाहणीतूनच सापडली. या कामाला वेळापत्रकात कुठलाच रकाना नाही, कारण तिथे विद्यार्थी नसतो. सध्या संस्था प्रवासखर्च देते, दिवसांचे पैसे नाहीत. मी यावर पुन्हा पत्र दिलं आहे. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी फील्डवर्कच्या पेपरच्या मजकुरातच पाहणीचे तास लिहून टाकावेत, असं माझं ठाम मत आहे. तिथे लिहिलं नाही तर एखाद्या महाविद्यालयाचे प्राचार्य कितीही समजूतदार असले तरी त्यांचे हात बांधलेले राहतात.

दुसरी न सुटलेली गोष्ट याहून खोल आहे. मॅडम त्या वर्षी एका कायम जागेच्या मुलाखतीला गेल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा गुणतक्ता आहे. त्यात पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, नेट किंवा सेट, शोधनिबंध यांना गुण आहेत, अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०. भूशास्त्राच्या उमेदवाराने किती कॅम्प घेतले, नकाशा शिकवला का, याला जागा नाही. मुलाखतीत त्यांना प्रोजेक्टरवर दहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगितलं. त्यांनी प्लेट टेक्टॉनिक्स घेतलं. ओढ्यातल्या नकाशाविषयी कुणी विचारलं नाही आणि स्वतःहून सांगायला वेळ नव्हता. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. त्यांचे शोधनिबंध अधिक होते, निवड नियमात बसणारीच होती.

माझं म्हणणं असं आहे, की भूशास्त्राच्या शिक्षकाची निवड करताना निदान अर्धा दिवस त्याला जवळच्या खाणीत किंवा घाटात न्यावं, चार विद्यार्थी सोबत द्यावेत आणि समितीने बाजूला उभं राहून पाहावं. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात, संभाजीनगरात, जिथे भूशास्त्राचे विभाग आहेत, तिथे तासाभराच्या अंतरावर उघडा खडक आहे. गाडीचा खर्च मुलाखतीच्या चहापाण्यापेक्षा फार जास्त होणार नाही. गुणतक्ता बदलायला दिल्लीला जावं लागेल, पण मुलाखतीतला पाठ कुठे घ्यायचा एवढं तरी इथे ठरवता येण्यासारखं आहे.

मॅडम अजून आमच्याकडेच आहेत, तासिकेवरच. पीएचडीचा प्रबंध सादर झाला आहे, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेचाही अभ्यास त्या करत आहेत. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्या तर त्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा केंद्रीय भूजल मंडळात जातील आणि मी त्यांना अडवणार नाही. तोपर्यंत विभागाने एक काम हाती घेतलं आहे. घाटातल्या आणि कलादगीच्या प्रत्येक थांब्याची नोंद लिहून ठेवायची: अक्षांश-रेखांश, वाट, पाणी कुठे मिळतं, कुणाच्या शेतातून जावं लागतं, मुलांना तिथे कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठलं उत्तर आधीच सांगायचं नाही. लाल थराच्या ओढ्याची नोंद मॅडमनी स्वतः लिहिली आहे. पुढचे सीएचबी सर किंवा मॅडम जुलैत रुजू होतील तेव्हा ही वही आणि हजेरीपटाचा नमुना त्यांच्या हातात द्यायचा, असं ठरलं आहे.